दर मे महिन्यात बॉयलरच्या ट्यूबवर स्केल, सॉफ्टनर चालू असूनही: आमच्याकडे नेमकं काय काय निघालं

स्केल म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा ट्यूबवर बसणारा कडक थर, आणि सॉफ्टनर म्हणजे बॉयलरच्या आधी पाणी मऊ करणारं यंत्र. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्याकडचं प्रकरण हेच आहे का ते लगेच कळेल. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचं युनिट आहे, ताशी ३ टन वाफेचा स्मोक ट्यूब बॉयलर (ट्यूबच्या आतून गरम गॅस, बाहेरून पाणी), ब्रिकेटवर म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांवर चालतो, प्रेशर ८ किलोच्या आसपास आणि रोज दोन पाळ्या. जानेवारीत स्टॅक टेंपरेचर, म्हणजे चिमणीतून जाणाऱ्या गॅसचं तापमान, २१० असायचं, मार्च संपेपर्यंत २२५, आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत २६५-२७० वर जायचं. सलग तीन वर्षं हेच. जूनमध्ये मॅनहोल उघडला की ट्यूबांवर पांढरा-राखाडी कडक थर, वरच्या ओळींवर दीड-दोन मिलिमीटर, आणि दोन ट्यूबांच्या मधल्या जागेत तर बोट जाणार नाही इतका. तिसऱ्या वर्षी मागच्या ट्यूब प्लेटला, जिथे पहिल्या पासचा गॅस वळून दुसऱ्या पासात शिरतो तिथे, दोन ट्यूबांच्या तोंडाशी लीक निघाला. तेव्हा मात्र मनावर घेतलं, कारण हा नुसता जळणाचा प्रश्न राहिला नव्हता, बॉयलरसमोर आठ-आठ तास माणसं उभी असतात.

जळणाचा हिशोबही साधा आहे. स्टॅक टेंपरेचर २२ डिग्रीने वाढलं की साधारण १ टक्का जळण जास्त लागतं, हा नियम बॉयलरवाल्यांना माहीत असतोच. आमच्याकडे ५५-६० डिग्री वाढत होतं म्हणजे अडीच टक्के धरा, दिवसाला सात टन ब्रिकेट लागतं त्यात पावणेदोनशे किलोच्या आसपास रोज चिमणीतून जात होतं.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, स्टॅक टेंपरेचर वाढलं म्हणजे स्केलच असं नाही, काजळीनेही वाढतं, आणि ब्रिकेटवर तर राख भरपूर. म्हणून आधी ट्यूबा ब्रशने साफ करा आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच लोडला आकडा बघा. काजळी असेल तर आकडा खाली येतो. आमच्याकडे ब्रश मारल्यावर २६८ चं २६० झालं, बस. म्हणजे उरलेली पन्नास डिग्री पाण्याच्या बाजूची होती.

पहिली दोन वर्षं आम्ही काय केलं तेही सांगतो कारण बहुतेक ठिकाणी हेच करतात. केमिकलवाल्याला बोलावलं, तो म्हणाला डोस वाढवा, वाढवला. मीठ बदललं. रेझिन, म्हणजे सॉफ्टनरमधले पाणी मऊ करणारे मणी, टॉपअप केलं. त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं, पण कशाचाच उपयोग झाला नाही, आणि का झाला नाही ते पुढे आकड्यात दाखवतो.

रजिस्टर बघितलं तर सॉफ्टनरच्या रकान्यात रोज हार्डनेस (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा) निल. एप्रिल निल, मे निल. आणि आत ट्यूबवर दोन मिलिमीटर थर. मग हे आलं कुठून? मी आमच्या अटेंडंटला विचारलं, "काका, सॅम्पल कधी घेता?" ते म्हणाले, "रिजनरेशन झालं का लगेच घेतो ना भाऊ, पाणी चांगलं आलं का नाही पाहाले." रिजनरेशन म्हणजे मिठाचं पाणी सोडून रेझिन परत ताजं करणं. आणि मधल्या दिवसांचं काय? मधल्या दिवशी टीडीएस पेन (पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार दाखवणारा) बुडवून बघायचे, आकडा कालच्यासारखाच आला की निल लिहायचे.

सगळ्या प्रकरणाची मुळी इथेच होती, म्हणून जरा थांबून सांगतो. सॉफ्टनर पाण्यातले क्षार कमी करत नाही हो, तो फक्त अदलाबदल करतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. त्यामुळे टीडीएस आत ९०० तर बाहेरही ९०० च्या आसपासच. रेझिन ताजं असो नाहीतर पूर्ण संपलेलं असो, पेन तोच आकडा दाखवणार. टीडीएस पेन बघून सॉफ्टनर चालवणं म्हणजे वजनकाट्यावर ताप मोजण्यासारखं आहे. बॉयलरच्या आतल्या पाण्याला पेन लागतोच, ब्लोडाऊन, म्हणजे क्षार साचलेलं पाणी किती सोडायचं ते, त्यावरच ठरतो, पण सॉफ्टनरला लागते ती हार्डनेसची टेस्ट, बाटलीत रंग बदलणारी.

त्या टेस्टमध्येही आमच्याकडे दोन गडबडी सापडल्या. एक म्हणजे ५० मिली सॅम्पल घ्यायचो, ०.०१ मोलर ईडीटीएने (थेंबाथेंबाने टाकायचं टेस्टचं द्रावण) त्यात १ मिली म्हणजे २० पीपीएम (लिटरला २० मिलिग्रॅम) होतात, मग ५-७ पीपीएम म्हणजे पाच-सात थेंब, ते नजरेतून सुटतात. आता १०० मिली घेतो, १ मिलीला १० पीपीएम, अर्धा मिली गेला तरी स्पष्ट कळतं. दुसरी गडबड म्हणजे इंडिकेटर, रंग दाखवणारं रसायन. एरिओक्रोम ब्लॅक टीचं तयार द्रावण फार टिकत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात बॉयलर हाऊसच्या टेबलावर ते ठेवलं तर विचारायलाच नको. मेलेला इंडिकेटर दारूसारखा लाल रंग देतच नाही, मळकट निळसरच दिसतो आणि बघणारा म्हणतो निल. यावर उपाय सोपा आहे, रोज आधी एक टेस्ट कच्च्या पाण्यावर करा. कच्च्या पाण्याला लाल रंग आला नाही तर इंडिकेटर फेका नाहीतर बफर बघा, अमोनिया बफर उडून गेलेला असला तरी रंग फसवतो. मिठात घोटलेली कोरडी इंडिकेटर पावडर मिळते, ती खूप जास्त टिकते, आम्ही तीच ठेवतो.

टेस्ट धड झाली आणि मग कच्च्या पाण्याचे आकडे समोर आले. हिवाळ्यात आम्हाला पुरवठ्याचं पाणी पुरतं, धरणाचं पाणी आहे, हार्डनेस १२० च्या आसपास आणि टीडीएस ३००. मार्चपासून वापर वाढतो, पाणी कमी पडतं, मग आवारातली बोअर चालू होते आणि वरून टँकर. टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते कोणाला माहीत? शहराच्या पश्चिमेला, आपल्या हिंगण्याकडे, सगळा काळा पाषाण, काही ठिकाणी त्याच्या खाली लमेटा नावाचा चुनखडीचा थर, बोअरचं पाणी जड येणारच. आमच्या संपमधलं (जमिनीखालच्या टाकीतलं) मिसळलेलं पाणी मेमध्ये मोजलं तर हार्डनेस ४५० आणि टीडीएस ९०० निघाला. म्हणजे टाकी तीच, पाइप तोच, पण त्यातून येणारं पाणी हे दुसरंच पाणी होतं आणि आम्ही ते जानेवारीचं समजून वापरत होतो.

आता हिशोब बघा. आमच्या सॉफ्टनरमध्ये ३०० लिटर रेझिन आहे. लिटरमागे ५० ग्रॅम हार्डनेस धरतो असं धरा, नवीन असताना थोडं जास्तही धरेल पण मी ५० च धरतो, म्हणजे एका रिजनरेशनमध्ये १५ किलो. पाणी १२० चं असेल तर दर हजार लिटरला १२० ग्रॅम, म्हणजे १ लाख २५ हजार लिटर पाणी निघतं. आमचं मेकअप, म्हणजे बॉयलरला लागणारं नवीन पाणी, दिवसाला २५ हजार लिटर, म्हणजे पाच दिवस. म्हणून कोणीतरी पूर्वी ठरवून ठेवलं होतं, दर चौथ्या दिवशी रिजनरेशन, एक दिवस हातात ठेवून. ज्याने ठरवलं त्याचं बरोबरच होतं. पण तेच पाणी ४५० चं झालं की १५ किलो भागिले ४५०, फक्त ३३ हजार लिटर. सव्वा दिवस! चार दिवसात आम्ही १ लाख लिटर काढत होतो, त्यातलं ३३ हजार मऊ आणि बाकीचं ६७ हजार जवळजवळ कच्चंच.

त्या ६७ हजार लिटरमध्ये हार्डनेस किती? पंचवीस-तीस किलो. दर चार दिवसांनी. महिन्याचे दोनशे किलोच्या घरात. सगळं ट्यूबवर बसत नाही, बरंच गाळ होऊन तळाला जातं आणि ब्लोडाऊनमधून निघतं, पण त्यातलं थोडंसं जरी बसलं तरी तुमच्या ट्यूबांचं काम झालं.

आणि आता ते केमिकलचं. फॉस्फेट हार्डनेसला पकडून मऊ गाळ करतं, हे खरं आहे, आणि सॉफ्टनरमधून सुटलेल्या दोन-चार पीपीएमसाठी ते बरोबरच औषध आहे. पण एक किलो हार्डनेस पकडायला जवळपास ५७० ग्रॅम फॉस्फेट लागतं, आणि ट्रायसोडियम फॉस्फेटच्या खड्यांमध्ये फॉस्फेट फक्त चौथा हिस्सा असतं, म्हणजे दर चार दिवसांना साठ-पासष्ट किलो खडे टाकावे लागले असते. आम्ही डोस वाढवून किती केला होता? दिवसाला एक किलो. म्हणजे केमिकल वाईट नव्हतं, आम्ही त्याच्याकडून सॉफ्टनरचं काम करून घ्यायला निघालो होतो. उलट फॉस्फेटचा एक फार चांगला उपयोग आहे, बॉयलरच्या पाण्यात ते २० ते ४० पीपीएम शिल्लक राहायला हवं, आणि डोस नेहमीचा असून शिल्लक एकदम शून्यावर आलं तर समजा कच्चं पाणी आत शिरलंय. आमच्या जुन्या रिपोर्टमध्ये एप्रिल-मेचा फॉस्फेट दर वेळी शून्य होता. कागद फाइलमध्ये होता, तीन वर्षं.

हे सगळं काकांना आणि पोरांना समजावताना मला कूलर कामी आला. नागपुरात कोणाच्या घरी कूलर नाही? मेमध्ये वाळ्याच्या ताट्या काढून बघा, पांढऱ्या कडक होऊन बसलेल्या असतात, आणि ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांच्या तर दोन महिन्यात दगडासारख्या. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. बॉयलरमध्ये हेच होतं, फक्त कूलरची ताटी दोनशे रुपयात बदलता येते. काका लगेच म्हणाले, "हाव, आन् टबातलं पानी फेकलं नाही तं अजून जल्दी जमते." ते टबातलं पाणी फेकणं म्हणजेच ब्लोडाऊन. त्या दिवसापासून कोणाला काही पुन्हा सांगावं लागलं नाही.

मग आम्ही रिजनरेशन दिवसांवरून काढून लिटरवर आणलं. सॉफ्टनरच्या आउटलेटला वॉटर मीटर बसवला, साधा, फिरणाऱ्या आकड्यांचा. आठवड्यातून दोनदा कच्च्या पाण्याचा हार्डनेस मोजायचा, १५ हजार ग्रॅमला त्याने भागायचं, जे हजार लिटर येतील त्यातून दहा टक्के कमी करायचे आणि तो आकडा खडूने फळ्यावर लिहायचा. मीटर तिथे पोचला की रिजनरेशन, मग तो मंगळवार असो नाहीतर पोळा असो. मेमध्ये हे रोजचं होतं, कधी कधी दिवसाच्या आधीच. मीठ एका वेळी ४५ किलो लागतं, म्हणजे महिन्याच्या सात-आठ गोण्यांच्या जागी तीस. अकाउंटवाले विचारणारच, त्यांना चिमणीतून जाणाऱ्या ब्रिकेटचा हिशोब दाखवा.

इतकं केल्यावर वाटलं झालं. नाही झालं. सॉफ्टनरच्या आउटलेटला २ पीपीएम, आणि फीड टँकला, म्हणजे बॉयलरला पाणी देणाऱ्या टाकीत, पाणी पडतं तिथे १८. मध्ये फक्त पंधरा फूट पाइप आणि एक बायपास व्हॉल्व्ह, सॉफ्टनर टाळून कच्चं पाणी सरळ पुढे न्यायचा. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होता, चाक हाताने फिरत नव्हतं. पण आत सीटवर कचरा बसून पासिंग होतं, म्हणजे बंद असूनही पाणी झिरपत होतं. किती? १८ मधून २ गेले १६, भागिले ४५०, म्हणजे साडेतीन टक्के कच्चं पाणी गुपचूप मिसळत होतं.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, नीट लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. हाच लीक हिवाळ्यातही होता. तेव्हा कच्चं पाणी १२० चं, त्याचे साडेतीन टक्के म्हणजे ४, वर सॉफ्टनरचे २, मिळून ६ पीपीएम. आयएस १०३९२ मध्ये, म्हणजे बॉयलरच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आपल्या प्रेशरच्या बॉयलरला फीड वॉटरचा हार्डनेस १० पर्यंत चालतो, म्हणजे ६ आला तर कोणीही हो म्हणणार. तोच व्हॉल्व्ह, तेवढंच पासिंग, मे महिन्यात १८. म्हणून दर वर्षी पावसाळ्यात धरणाचं पाणी परत आलं की प्रॉब्लेम आपोआप नाहीसा व्हायचा आणि आम्हाला वाटायचं की केमिकल लागू पडलं.

बायपासला आता दोन व्हॉल्व्ह आहेत आणि दोघांच्या मध्ये एक छोटा ड्रेन कॉक, तो उघडा ठेवायचा. पहिला व्हॉल्व्ह पासिंग झाला तर पाणी जमिनीवर पडतं आणि दिसतं, फीड टँकमध्ये जात नाही. हजार-दीड हजाराचं काम. ज्यांच्याकडे मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह आहे त्यांनी त्याच्या आतल्या ओ-रिंगा पण बघा, तिथूनही कच्चं पाणी सरळ आउटलेटला जातं आणि बाहेरून काहीच कळत नाही. सॅम्पल दोन ठिकाणी घ्यायचं एवढं केलं तरी पकडता येतं.

तिसरी भानगड इजेक्टरची, म्हणजे मिठाचं पाणी (ब्राइन) ओढून रेझिनवर सोडणाऱ्या भागाची, आणि यात आमचे दोन आठवडे गेले. काही दिवशी रिजनरेशन होऊनही आउटलेटला सुरुवातीलाच १२-१५ यायचे, काही दिवशी १-२. मीठ तेवढंच, माणूस तोच. शेवटी मी स्वतः खुर्ची टाकून ब्राइन टाकीजवळ बसलो. ४५ किलो मिठाचं गच्च द्रावण साधारण दीडशे लिटर होतं आणि आमच्या टाकीतून ते तीस-चाळीस मिनिटात ओढलं जायला हवं. त्या दिवशी दुपारी तीन वाजता अर्ध्या तासात पातळी चार बोटंसुद्धा उतरली नाही. प्रेशर गेजवर बघितलं तर दीड किलो. इजेक्टरला आमच्याकडे अडीच तरी लागतं, त्याखाली तो ओढतच नाही, आणि फारच कमी झालं तर उलट पाणी टाकीत चढवतो. दुपारी संप तळाला गेलेला असतो, टँकर पाचला येतो, पंप धापा टाकत असतो. सकाळी सहाला संप भरलेला, प्रेशर पावणेतीन. बस, एवढाच फरक. आता उन्हाळ्यात रिजनरेशन सकाळी सहाला नाहीतर टँकर रिकामा झाल्यावर, अधेमधे नाही.

त्याच दिवसापासून एक हायड्रोमीटर (पाण्याची घनता मोजणारा) घेतला, काचेचा, फार महाग नसतो. रेझिनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं सॅम्पल मधल्या वेळेत घेऊन त्यात सोडायचा, आत जाणारं ब्राइन दहा टक्क्याचं असेल तर तिथे १.०५ च्या वर काही मिनिटं तरी टिकायला हवं, १.०२ च्या पुढे गेलंच नाही तर मीठ रेझिनपर्यंत पोचलंच नाही असं समजा. आणि स्लो रिन्सची, म्हणजे ब्राइननंतर हळूहळू पाणी सोडून धुण्याची, घाई करू नका. पोरं घाईत फास्ट रिन्स उघडतात, ब्राइन अर्धवट काम करून गटारात. पाऊण तास लागतो तर लागू द्या.

रेझिन बदलायच्या आधी रेझिनला हात लावून बघा. चांगलं रेझिन सोनेरी-पिवळसर आणि मणी गोल, आमचं तपकिरी झालं होतं, बोअरच्या पाण्यातलं लोह. एक रात्र थोड्या सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात ठेवलं आणि नीट बॅकवॉश केलं तर बरंच उजळलं, मग पुरतं मीठ मारून घेतलं कारण ॲसिडने रेझिन हायड्रोजनवर जातं. मणी फुटून भुसा झाला असेल किंवा बोटात दाबल्यावर लिबलिबीत लागत असतील तर मात्र बदलण्याला पर्याय नाही, पाण्यात क्लोरीन जास्त असेल तर असं होतं.

एवढं सगळं करूनही फीड टँकमध्ये मधूनच एखाद्या दिवशी ४०-५०. सॉफ्टनर ठीक, बायपास ठीक, आणि टँकमध्ये ५०. हे शोधायला यंत्र लागलं नाही, बोलावं लागलं. दुसऱ्या पाळीच्या पोराला मी एकट्याला चहाला घेऊन गेलो, सगळ्यांसमोर विचारलं नाही. तो म्हणाला, "भाऊ, रिजनरेशन चालू असलं आन् टाकी खाली चालली तं फीड पंप ट्रिप होते, मंग मी काय करू, बॉयलर बंद पाडू काय? धुवायचा पाइप लावून देतो टाकीत." त्याचं काय चुकलं? लो वॉटरला घाबरणं हे तर त्याला आम्हीच शिकवलं, आणि बरोबर शिकवलं. चूक ही होती की रिजनरेशनच्या दीड तासात त्याच्याकडे मऊ पाणी कुठून येईल याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता, कारण पूर्वी चार दिवसातून एकदा सुट्टीच्या वेळी व्हायचं. आता पाच हजार लिटरची एक प्लास्टिकची टाकी मऊ पाण्याची म्हणून वेगळी ठेवली आहे, दीड तासाला ती पुरून उरते, आणि धुवायचा पाइप फीड टँकपर्यंत पोचणार नाही इतका कापला. पोराला कोणी रागावलं नाही, तुम्हीही रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी खरं सांगणार नाही.

ब्लोडाऊन आमचा घड्याळावर होता, दर पाळीत दोनदा, अमुक सेकंद. त्याचंही तेच, पाणी बदललं की घड्याळ निकामी. बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस ३५०० च्या आत ठेवायचा. हिवाळ्यात फीडचा टीडीएस कंडेन्सेट (वाफ थंड होऊन परत आलेलं पाणी) मिसळून २०० च्या आसपास, म्हणजे वाफेच्या सहा-सात टक्के ब्लोडाऊन पुरतो. उन्हाळ्यात फीड ६५०-७०० वर जातो, मग तोच हिशोब वीस-पंचवीस टक्क्यांवर येतो. एवढं गरम पाणी सोडताना जीव तुटतो, मला कळतं, पण नाही सोडलं तर टीडीएस सहा-सात हजारावर जातो, पाणी फेसाळतं, गेज ग्लास नाचायला लागते आणि वाफेबरोबर पाणी लाइनमध्ये जातं. आमच्याकडे स्टीम ट्रॅप (लाइनमधलं पाणी बाहेर काढणारे व्हॉल्व्ह) का खराब होत होते ते तेव्हा कळलं. आल्कलिनिटीही बघत जा, बोअरच्या पाण्याला कधी कधी टीडीएसच्या आधी तीच ७०० च्या पुढे पळते.

आत बसलेल्या जुन्या थराचं काय, तर त्याचा एक तुकडा काढून त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकून बघा. जोरात फेस आला तर कार्बोनेट, ॲसिडने निघेल. फेस नाही आला तर सल्फेट नाहीतर सिलिका, ते नुसत्या ॲसिडला दाद देत नाही. आमचं बहुतेक कार्बोनेट होतं. पण ॲसिड क्लीनिंग हे बाजारातून कॅन आणून करायचं काम नाही. इनहिबिटर नसेल तर ॲसिड स्केलच्या आधी लोखंड खातं, हायड्रोजन निघतो आणि जवळ बिडी जरी पेटवली तरी घात होतो. नोंदणी असलेल्या बॉयलरचं काम आहे, माहितीचा माणूस, इन्स्पेक्टरला कळवणं आणि नंतरची न्यूट्रलायझिंग, हे सगळं करूनच. एक इशारा अजून, जुना थर निघाला की त्याच्याखाली झाकलेले लीक उघडे पडतात, आमच्याकडे अजून एक ट्यूब निघाली. म्हणून हे शटडाऊनमध्येच करा आणि हातात दोन-चार दिवस ठेवा.

काही जण म्हणतात सरळ आरओ लावा, कटकट मिटते. लावा, टीडीएस खरंच खाली येतो, ब्लोडाऊनही वाचतो, पण कटकट मिटत नाही, जागा बदलते. हाच हार्डनेस मग मेम्ब्रेनवर बसतो. अँटिस्केलंटचा (स्केल रोखणाऱ्या केमिकलचा) डोस आणि रिकव्हरी (आत गेलेल्या पाण्यातून किती शुद्ध काढायचं) जर जानेवारीच्या पाण्यावर ठरवली असेल तर मेमध्ये शेवटच्या व्हेसलमध्ये (मेम्ब्रेनच्या नळकांड्यात) स्केल आलंच. त्यात अजून एक चकवा आहे, पाणी एक डिग्री गरम झालं की मेम्ब्रेनमधून साधारण तीन टक्के जास्त पाणी निघतं. मेमध्ये टाकीतलं पाणी ३८ डिग्री असतं, म्हणून स्केल बसत असूनही फ्लो चांगला दिसतो, आणि डिसेंबरात पाणी २० वर आलं की एकदम सगळे धावपळ करतात. तापमानाची दुरुस्ती करूनच आकडे लिहा आणि डिफरन्शियल प्रेशर (मेम्ब्रेनच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमधला फरक) १५ टक्के वाढला की सीआयपी, म्हणजे मेम्ब्रेन जागेवरच केमिकलने धुणं, करा, थांबू नका. कूलिंग टॉवरचंही तेच, आमच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, हिवाळ्यात पाच सायकल (म्हणजे क्षार पाचपट होईपर्यंत तेच पाणी) चालवत असाल तर ४५० च्या पाण्यावर दोन-अडीचच्या पुढे जाऊ नका, कंडेन्सरच्या ट्यूबा वाचतील.

यंदा मेच्या मध्याला स्टॅक २२२ होता. जूनमध्ये मॅनहोल उघडला तर ट्यूबांवर राखाडी पातळ भुकटी, बोटाने पुसली की खाली काळं लोखंड दिसत होतं. काका आत डोकं घालून बराच वेळ बघत होते.

आणि एक राहिलंच. सॉफ्टनरचं आउटलेट ठीक, बायपास ठीक, टाकीत कोणी पाइप टाकत नाही, तरीही फीडमध्ये हार्डनेस येतोय असं असेल तर परत येणारं कंडेन्सेट तपासा. कंडेन्सेट म्हणजे वाफेचं पाणी, त्यात हार्डनेस शून्यच असायला हवा. तीन-चार पीपीएम जरी दिसले तरी कुठल्यातरी हीट एक्स्चेंजरमध्ये फट पडून कच्चं पाणी आत येतंय. प्रत्येक एक्स्चेंजरची रिटर्न लाइन वेगळी करून सॅम्पल घ्या, आणि ते मशीन चालू असताना एक आणि बंद होऊन वाफ उतरल्यावर परत चालू करताना एक अशी दोन घ्या, कारण वाफेचं प्रेशर असेपर्यंत लीक बाहेरच्या बाजूला जातो, कंडेन्सेटमध्ये काही दिसत नाही, आणि मशीन थंड झालं की पाणी आत ओढलं जातं. आमचं दोन्ही वेळेला निल आलं.